ओळखपत्रांच्या प्रतींना आवर घाला

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावची झेरॉक्सची दुकाने, सायबर कॅफे आणि सेतू केंद्रे गजबजून जातात. अकरावीचा अर्ज, सीईटीची नोंदणी, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर. प्रत्येक कामाला आधार, पॅन, पासबुक हवेच. ‘या नंबरवर व्हॉट्सॲप करा, लगेच प्रिंट काढतो,’ असे काउंटरवरून सांगितले जाते आणि पालक फोनच्या गॅलरीतले कार्डांचे फोटो एकापाठोपाठ एक पाठवून मोकळे होतात. प्रिंट मिळते, अर्ज भरला जातो. दुकानाच्या संगणकातल्या डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये ते फोटो मात्र तसेच पडून राहतात. त्या संगणकावर दिवसभरात कोणकोण बसते, याची नोंद कोणाकडेच नसते.

नुसता आधार क्रमांक कळला म्हणून कोणी खात्यातून पैसे काढू शकत नाही, हे खरे. धोका आहे तो आधार, पॅन, पासबुकाचे पहिले पान आणि फोटो एकाच हाती पडण्याचा. या चार गोष्टींवर तोतया कर्जासाठी अर्ज करू शकतो किंवा दुसऱ्याच्या नावावर बनावट जीएसटी नोंदणी मिळवू शकतो. शिवाय पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्या भामट्याने फोनवर आपला आधार आणि पॅन अचूक वाचून दाखवला, तर भल्याभल्यांचा त्याच्यावर विश्वास बसतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरताना नवी मुंबईतल्या एका महिलेला आपला आधार क्रमांक आधीच वापरला गेल्याचे कळले. तपासाचा धागा सातारा जिल्ह्यात पोचला आणि दुसऱ्यांच्या आधार क्रमांकांवर अनेक अर्ज भरले गेल्याचे उघड झाले. तिने तक्रार केली म्हणून हे कळले. ज्यांनी अर्जच भरला नाही, त्यांना आपला क्रमांक कोण वापरते आहे हे कसे कळणार?

दुकानाइतकीच काळजी आपल्याच फोनची घ्यायला हवी. गॅलरी ही सहलीच्या फोटोंची जागा आहे, कागदपत्रांची नव्हे. ॲप उतरवून घेताना आपण फोटो पाहण्याची परवानगी सहज देतो, तेव्हा आधारकार्डाचा फोटोही त्या परवानगीत येतो. २०२५ च्या सुरुवातीला उघडकीस आलेले ‘स्पार्ककॅट’ हे घातक सॉफ्टवेअर चित्रांमधला मजकूर वाचून हवी ती माहिती बाहेर पाठवत होते आणि ते गूगल व ॲपलच्या अधिकृत दुकानांतल्या ॲपमध्येही सापडले. लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलान म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइली आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत. अशी फाइल उघडून तिला हव्या त्या परवानग्या दिल्या की फोनमधला मजकूर परक्याच्या हाती जातो.

यावरचे उपाय फुकट आहेत आणि बहुतेकांच्या फोनमध्येच आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याकडून थेट आलेली, म्हणजे ‘इश्यूड’ विभागातली कागदपत्रे नियमाने मूळ प्रतीच्या बरोबरीची मानली जातात. आपण स्वतः फोटो काढून त्यात चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही, हा फरक फार थोड्यांना माहीत असतो. वाहन परवाना आणि आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधून दाखवल्यास वाहतूक पोलिसांना चालते. आधारची प्रत द्यावीच लागली, तर पहिले आठ अंक झाकून शेवटचे चारच दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून मिळते. जेथे ते चालते तेथे पूर्ण क्रमांक देऊ नये. बोटांचे ठसे आणि बुबुळे यांची बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद करण्याची सोयही तेथे आहे.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नये. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष, हा त्याचा ठरलेला साचा सर्वांना माहीत आहे. नाव आणि वय ठाऊक असलेला कोणीही ती फाइल उघडू शकतो. फोनमध्ये ठेवायचीच असेल तर ती वेगळा पिन असलेल्या सुरक्षित फोल्डरमध्ये ठेवावी. संगणकावर विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आणि मॅकवर फाइलव्हॉल्ट ही माहिती कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी सोय आहे. ती सुरू करून तिची रिकव्हरी की कागदावर लिहून घरात जपावी. गॅलरीतला फोटो काढून टाकला तरी तो काही दिवस ट्रॅशमध्ये राहतो. गूगल फोटोजमध्ये ही मुदत ६० दिवसांपर्यंत असते. म्हणून ट्रॅशही रिकामा करावा. जुना फोन विकण्याआधी फॅक्टरी रीसेट करायला विसरू नये.

पण सगळा भार नागरिकावर टाकणे न्यायाचे नाही. लोक प्रती वाटतात, कारण त्या मागितल्या जातात. लॉजचा काउंटर, भाड्याच्या घराचा दलाल, सोसायटीचे कार्यालय, क्लासचे प्रवेश, सगळीकडे ‘आधारची झेरॉक्स द्या’ हे पहिले वाक्य असते. २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची प्रत सरसकट कोणाला देऊ नका, मास्क्ड आधार वापरा, असे सांगितले. गैरसमज होईल असे म्हणत दोनच दिवसांत ते निवेदन मागे घेण्यात आले आणि ‘नेहमीची सावधगिरी बाळगा’ एवढाच सल्ला उरला. सल्ला योग्य होता, तो मागे घेणे चुकले. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. हेतू संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचे बंधन त्यात आहे आणि सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. या कायद्याचा धाक मोठ्या कंपन्यांना वाटेल. तालुक्याच्या सेवा केंद्रातला संगणक त्याने आपोआप पुसला जाणार नाही.

ते काम राज्य सरकारचे आहे. सेतू आणि आपले सरकार केंद्रांना परवानगी सरकार देते, म्हणून अटीही सरकारनेच घालाव्यात. अर्ज भरून झाला की ग्राहकासमोर फाइल पुसावी, खासगी व्हॉट्सॲप क्रमांकावर ओळखपत्रे मागवू नयेत, डिजिलॉकरमधला कागद चालत असताना झेरॉक्सचा आग्रह धरू नये. हे तीन नियम प्रत्येक केंद्राच्या दर्शनी भागात लावावेत आणि ते मोडणाऱ्या केंद्राचा परवाना रद्द करावा.

वाचकांनी मात्र सरकारी आदेशाची वाट पाहू नये. गॅलरीतले ओळखपत्रांचे फोटो आजच हलवा. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते संचार साथी संकेतस्थळावर तपासा आणि घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवरही हे स्वतः करून द्या. आर्थिक फसवणुकीचा संशय आला, तर तडक १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. आणि यापुढे कोणी आधारची प्रत मागितली, तर ती कशासाठी हवी आणि काम झाल्यावर तिचे काय करणार, हे विचारल्याशिवाय देऊ नका.