जुनी गाडी घेताना बॉनेटवर हात ठेवा

सोयाबीन विकले गेले की आपल्या जिल्ह्यात जुन्या गाड्यांचे व्यवहार सुरू होतात. कोणी भाड्याने चालवायला बोलेरो बघतो, तर तरुणांना पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या वेगवान, रुबाबदार मोटारींची भुरळ पडते. बुलढाण्याच्या एका मुलाने अशीच मोटार घेतली. निम्मे पैसे आईने बचत गटातून उचलले होते. तिसऱ्या आठवड्यात राजूर घाट चढताना इंजिन खालून ठकठक वाजू लागले. घर जवळच आहे म्हणून त्याने गाडी तशीच रेटली. शेवटी टोचन लावून आणावी लागली. क्रँक कामातून गेला होता. गाडी उभी आहे, आणि हप्ता आई भरते.

गेले होते ते इंजिनातले बेअरिंग. सायकलच्या छर्ऱ्यांसारखे ते नसते. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये अर्धगोल, पातळ पत्र्याच्या वाट्या बसवतात. पाठ पोलादाची, वर तांबे-शिसे किंवा अॅल्युमिनियमचा मऊ थर. इंजिन फिरताना धातू धातूला लागत नाही, मध्ये ऑइलचा केसाहूनही पातळ पापुद्रा असतो. तो तुटला की थर खरवडतो, फट वाढते, ऑइलचा दाब आणखी घसरतो, आणि मग इंजिन बसायला वेळ लागत नाही. बेफाम पळवलेल्या गाडीत हे लवकर होते. मोठ्या गिअरवरच घाट चढवून इंजिनाचा दम काढला तरी तेच.

नाव मोठे म्हणून गाडी सुटत नाही. पोर्शेच्या बॉक्स्टर आणि 911 या गाड्यांत मधल्या शाफ्टचे एक बेअरिंग फुटून इंजिने निकामी झाली. अमेरिकेत मालक कोर्टात गेले आणि 2013 साली तडजोड झाली.

आपण काय बघायचे? गाडी थंड असताना जा. तुम्ही पोहोचण्याआधीच विकणाऱ्याने इंजिन तापवून ठेवले असेल तर का, ते विचारा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे आणि सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब गेला असेल, नाहीतर कोणी तार काढून ठेवली असेल. मग अर्धा तास चालवा, घाट असेल तर उत्तमच. तापलेले इंजिन उभ्या गाडीत चालू असताना दिवा मिणमिणला, किंवा चढावर खालून जड ठोका ऐकू आला, तर व्यवहार तिथेच थांबवा. जाडे ऑइल घालून हा आवाज दाबणारे महाभाग आहेत. थोडे ऑइल पांढऱ्या भांड्यात काढून उन्हात धरा. बारीक सोनेरी-रुपेरी चकाकी दिसली तर बेअरिंग झिजते आहे. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, तेही बेअरिंगला खाते. कोणी लोहचुंबक फिरवून 'बघा, काही चिकटत नाही' म्हणेल. त्याला हसून सोडा, तांबे, शिसे, अॅल्युमिनियम चुंबकाला कधीच चिकटत नाहीत.

आपले जुने मिस्त्री नोझलच्या पाइपचा नट एकेक करून ढिला करतात. ज्या सिलिंडरचा नट ढिला केल्यावर ठोका कमी होतो, त्याचे बेअरिंग गेलेले. जुन्या डिझेल इंजिनाला हे चालते. नव्या कॉमन रेल गाडीवर मात्र कोणालाही करू देऊ नका. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

इंजिन 'नवीन बांधले आहे' असे सांगितले तर क्रँक किती घासला, पाव मिलिमीटर की अर्धा, आणि वर्कशॉपचे बिल कुठे आहे, हे विचारा. बिल नसेल तर ते बोलणे हिशेबात धरू नका. आणि भगिनींनो, पैसा तुमच्या गटाचा असेल तर गाडी बघायला तुम्हीही जा. लाल दिवा लागतो की नाही, हे बघायला मिस्त्री असावे लागत नाही.

तो मुलगा आता मित्रांसाठी गाड्या बघायला जातो. सकाळी सहाला, आधी न कळवता. गेल्या-गेल्या बॉनेटवर हात ठेवतो, मग बोलायला सुरुवात करतो.