निकाहाचा कागद माझ्या बहिणीकडे का नव्हता?

“तिसरी पाळी कोणत्या तारखेला आली होती?”

हा प्रश्न माझ्या आपाला भर कोर्टात विचारला गेला. तालुक्याचं कोर्ट होतं. मागच्या बाकांवर जमिनीच्या वादांसाठी आलेले पंधरा-वीस पुरुष बसले होते. प्रश्न विचारणारे तिच्या नवऱ्याचे वकील. आपा आठ वर्षांपूर्वीची तारीख आठवायचा प्रयत्न करत होती आणि मी तिच्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन दाराशी उभी होते.

पोटगीच्या दाव्यात पाळीचा काय संबंध? सांगते. आपाचा पहिला तलाक २०१४ च्या जानेवारीत झाला. दुसरं स्थळ लगेच आलं. मुलगा सौदीला जाणार होता, त्याच्या घरच्यांना घाई होती, आमच्या घरच्यांना त्याहून जास्त. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निकाह झाला. इद्दत पुरी झाली की नाही, हे दोन्हीकडच्या कुणी नीट मोजलं नाही. काझीसाहेबांनी विचारलं, आमच्या मामूंनी “हो, झाली” म्हटलं, खुतबा झाला, खजूर वाटले, बिर्याणी झाली. सात वर्षांनी त्याच नवऱ्याने तिला मुलीसकट घराबाहेर काढलं. आपाने मॅजिस्ट्रेटसमोर पोटगीचा अर्ज केला. नवऱ्याने लेखी म्हणणं दिलं: अर्जदार माझी कायदेशीर पत्नीच नाही. निकाह इद्दतीत झाला, म्हणून तो सहीह नव्हता.

सात वर्षं त्याने तिच्या हातचं खाल्लं. मुलगी झाली, अकीका झाला. तेव्हा निकाह सहीह होता. पैसे द्यायची वेळ आली आणि निकाह फासिद झाला.

तुमच्यापैकी बहुतेकांना सहीह, बातिल आणि फासिद हे शब्द माहीत नसतील. मलाही नव्हते. मदरशात वुजू कशाने तुटतो हे शिकवलं, निकाह कशाने तुटतो हे कुणी शिकवलं नाही. म्हणून आधी तेवढं समजून घेऊ.

१९३७ च्या शरियत कायद्याप्रमाणे आपल्या लग्नांना मुस्लीम व्यक्तिगत कायदा लागू होतो. पण त्या कायद्यात निकाहाच्या अटी लिहिलेल्या नाहीत. कोर्ट त्या फिकहवरून आणि जुन्या निकालांवरून ठरवतं. हनफी मताप्रमाणे लागतं ते एवढंच: एकाच बैठकीत इजाब आणि कबूल, आणि दोन साक्षीदार. मेहर ठरला नाही तरी निकाह होतो. कागद नसला तरी होतो. काझी नसला तरी होतो. हो, काझी नसला तरी! इंग्रजांच्या काळातला १८८० चा काझी कायदा आजही पुस्तकात आहे, आणि त्यातच म्हटलंय की निकाहाला काझी हजर असलाच पाहिजे असा अर्थ या कायद्यातून काढू नये.

आई, बहीण, दूधबहीण किंवा दुसऱ्याची बायको यांच्याशी निकाह केला तर तो बातिल, म्हणजे झालाच नाही. साक्षीदार नव्हते, इद्दत पुरी नव्हती, बायको असताना तिच्या सख्ख्या बहिणीशी केला, चार असताना पाचवा केला, तर तो फासिद, म्हणजे सदोष. फासिद निकाहातली मुलं औरसच असतात, बाईला मेहर मिळतो, पण नवरा-बायकोला एकमेकांचा वारसा मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये बायकोच्या बहिणीशी झालेल्या अशाच एका निकाहाबद्दल सांगितलं की फासिद निकाह कोर्ट रद्द करेपर्यंत चालू असतो, आणि तोपर्यंत बायको-मुलांना पोटगी द्यावी लागते. आपा याच निकालाच्या आधारावर जिंकली. जिंकायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत तिने लोकांचे ब्लाऊज शिवले, आणि त्या एका दुपारी आपल्या पाळीच्या तारखा अनोळखी पुरुषांसमोर सांगितल्या. २००८ च्या निकालाने तिला पोटगी दिली, पण त्या प्रश्नापासून वाचवलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लग्न ग्राह्य आहे का, हा प्रश्न आपल्याकडे लग्नाच्या दिवशी कुणी विचारत नाही. तो विचारला जातो बाई पोटगी मागते तेव्हा, वारसा मागते तेव्हा, मुलाच्या पासपोर्टसाठी नवऱ्याची सही मागते तेव्हा. आणि तेव्हा तो प्रश्न तिच्याविरुद्धच वापरला जातो. इद्दत मोजायची जबाबदारी नवऱ्याची होती, काझींची होती, आमच्या मामूंची होती. सजा फक्त आपाने भोगली.

आणि कागद? निकाहनाम्याची एकच प्रत आमच्या घरी कधी आलीच नाही. ती सासरी गेली, आणि सासरची माणसं कोर्टात म्हणाली, “सापडत नाही.” जमातीच्या रजिस्टरची नक्कल काढायला अब्बांनी चार चकरा मारल्या. रजिस्टर उर्दूत होतं, आपा मराठी शाळेत शिकलेली. स्वतःच्या लग्नाचा पुरावा तिला वाचून दाखवायला दुसरं माणूस लागलं.

“कागदबिगद ही सरकारी भानगड आहे, निकाह हा दीनचा मामला आहे,” असं मला आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी ऐकवलं. चाचा, तुमचा आदर आहे, पण सूरह बकराची २८२ वी आयत पुन्हा एकदा उघडा. कुराणातली सर्वांत लांब आयत ती, आणि ती कशाबद्दल आहे? उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. पाचशे रुपयांची उसनवारी लिहायची आणि ज्याला कुराण पक्का करार म्हणतं तो निकाह तोंडी ठेवायचा, हा कुठला दीन? लेखी करणं दीनच्या विरुद्ध नाही. ते फक्त काही पुरुषांच्या सोयीच्या विरुद्ध आहे.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द, कारण हा लेख काहीजण फार आनंदाने पुढे पाठवतील. “बघा, मुसलमानांच्या बायकांचे हाल” असं म्हणत. थांबा जरा. १९६५ चा महाराष्ट्रातलाच एक खटला आहे. एका हिंदू माणसाने पहिली बायको असताना गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केलं. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. का? तर दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणजे ते लग्नच नव्हे, म्हणजे दुसरं लग्न केल्याचा गुन्हाही नव्हे. पुरुष सुटला. पहिली बायको आणि दुसरी बाई, दोघी अडकल्या. विधी अपुरा ठेवून पळवाट काढायची ही कला कुठल्या एका धर्माची नाही. तेव्हा आमच्या घरातली जखम दाखवून आमच्यावरच दगड मारू नका. २०१९ च्या कायद्याने तिहेरी तलाक देणाऱ्या नवऱ्याला तुरुंगात टाकायची सोय झाली. आपाला तुरुंगातला नवरा नको होता. तिला दरमहा पैसे हवे होते आणि हातात एक कागद हवा होता.

कागद मिळायची सोय आपल्या राज्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितली. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणीचा कायदा आहे, तो मुसलमानांनाही लागू आहे, आणि त्यात लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. नगरपालिकेत जा, ग्रामपंचायतीत जा. नोंदणी नसली म्हणून निकाह बेकायदा ठरत नाही, आणि नोंदणी झाली म्हणून सदोष निकाह शुद्धही होत नाही. पण “लग्नच झालं नाही” असं म्हणायची नवऱ्याची हिंमत होत नाही. तेवढं पुष्कळ आहे.

या नोंदणीच्या मर्यादाही बघा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर ठाण्याचं एक प्रकरण आलं. पालिकेने एका मुस्लीम माणसाच्या तिसऱ्या निकाहाची नोंदणी नाकारली होती. न्यायालय म्हणालं, व्यक्तिगत कायदा चार निकाहांना मुभा देतो, तेव्हा एकापेक्षा जास्त निकाह नोंदवायला १९९८ च्या कायद्याची आडकाठी नाही. कायदा जसा आहे तसा वाचला तर हेच उत्तर येतं, न्यायालयाला दोष देऊन उपयोग नाही. नोंदणी बाईला पुरावा देते, बरोबरी देत नाही.

बरोबरी हवी असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. एका वेळी एकच जोडीदार, मुलगी १८ ची, मुलगा २१ चा, तीन साक्षीदार, नोंदणी अधिकाऱ्यासमोर दोघांचा होकार. या कायद्याखाली लग्न केलं की वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने जातो आणि मुलगा-मुलीला सारखा वाटा मिळतो. झालेला निकाहसुद्धा या कायद्याखाली नोंदवता येतो. केरळचे वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी डॉ. शीना यांनी ८ मार्च २०२३ ला, निकाहानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, हेच केलं. त्यांना तीन मुलीच आहेत. आपल्यामागे सगळं मुलींनाच मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पण मुलींच्या बापांनो, हिशेब करून बघा.

या कायद्यातही दोन काटे आहेत आणि त्यावर आपण बोललंच पाहिजे. पहिला, तीस दिवसांची जाहीर नोटीस. आंतरधर्मीय जोडप्याचं नाव-पत्ता कचेरीच्या भिंतीवर लागतो आणि घरच्यांआधी टोळकी पोचतात. लग्न दोन सज्ञान माणसांचं, त्यात अख्ख्या गावाला हरकत घ्यायला का बोलवायचं? दुसरा, चुलत-मामे-आते-मावस भावंडांचं लग्न या कायद्यात निषिद्ध नात्यात येतं. रूढी असेल तर सूट आहे, पण ती रूढी राज्य सरकारने राजपत्रात जाहीर केलेली लागते. सोलापूरच्या माझ्या एका मैत्रिणीचं फुफीच्या मुलाशी ठरलं होतं. दोघांना विशेष विवाहच करायचा होता, पण दार बंद. बरोबरीचं दार उघडायचं असेल तर पूर्ण उघडा.

वयाचं तर अजून वाईट आहे. २००६ च्या बालविवाह कायद्यात अल्पवयीन मुलीचं लग्न आपोआप रद्द होत नाही. तिने स्वतः कोर्टात जाऊन ते रद्द करून घ्यायचं, तेही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. सोळा वर्षांच्या मुस्लीम मुलीचा निकाह वैध की अवैध, यावर २०२२ या एकाच वर्षात पंजाब-हरियाणा आणि केरळ या उच्च न्यायालयांनी वेगवेगळ्या दिशांचे निकाल दिले. कायद्याचं एकमत होईपर्यंत आपल्या जमातींनी थांबायचं का? अठराच्या आत निकाह पढवणार नाही, हा ठराव करायला कुठल्या न्यायालयाची परवानगी लागते?

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लीम बायका मुंबईत मोर्चा घेऊन निघाल्या. फक्त सात. त्यानंतर २०१७ मध्ये शायरा बानोंच्या खटल्यात तिहेरी तलाक रद्द व्हायला एक्कावन्न वर्षं गेली. संसदेची आणि न्यायालयाची वाट बघायची तर बघू, मागण्याही करू. पण काही गोष्टी येत्या शुक्रवारपासून करता येतात.

निकाहनामा तीन प्रतींत करा आणि मुलीला वाचता येईल त्या भाषेत करा. तिची प्रत रुखसतीआधी तिच्या हातात द्या. पहिल्या लग्नाचे कागद, इद्दत संपल्याची तारीख, वयाचा दाखला हे सगळं काझींनी आधी बघून रजिस्टरला लिहावं, म्हणजे आठ वर्षांनी कुठल्या बाईला पाळीची तारीख विचारायची वेळ येणार नाही. निकाहनाम्यात अटी घालता येतात, त्या घाला. तलाकचा अधिकार बायकोला सोपवणारी तफवीज घालता येते आणि कोर्टं ती मानतात. ९० दिवसांत नोंदणी करा. ज्यांना शक्य आहे त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली जा. आणि सरकारकडे एक मागणी: ज्याने दोष माहीत असून निकाह केला, त्याला त्याच दोषाचा आधार घेऊन पोटगी नाकारता येणार नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहा.

माझंही आता ठरतंय. बैठकीत मी मेहरआधी कागदाचं विचारलं. मामू रागावले, “मुलीने असं बोलतात का?” म्हणाले. अब्बा गप्प होते. आपा आतून चहा घेऊन आली, ट्रे ठेवला आणि म्हणाली, “मामू, तिला बोलू द्या. मी नव्हते बोलले.”