कुणी कुणाचा पाय नाही

समाज हे एक शरीर आहे आणि आपण सगळे त्याचे अवयव आहोत, असे जो कोणी व्यासपीठावरून सांगेल, त्याच्या हातात शरीररचनाशास्त्राचे, म्हणजे ॲनाटॉमीचे, कोणतेही प्राथमिक पुस्तक द्यावे. सगळे वाचायची गरज नाही, पहिला धडा पुरे. ज्या शरीराचे नाव घेऊन हा उपदेश चालतो, त्या शरीरात ‘वरचा’ आणि ‘खालचा’ या शब्दांचा अर्थ काय, ते तिथे स्वच्छ लिहिलेले असते. तो अर्थ मनुस्मृतीतला नाही.

हा विषय घेण्याचे कारण घरचेच आहे. मरोळ-अंधेरीच्या पट्ट्यात हॉस्पिटलांना तोटा नाही. आपल्या वस्त्यांतल्या एका पिढीने तिथे वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार म्हणून आयुष्य काढले. आता त्यांच्या मुली जीएनएमला जातात, मुले डीएमएलटी करतात, एखादा फिजिओथेरपीला लागतो. संध्याकाळी विहाराच्या अभ्यासिकेत मी या मुलांबरोबर बसते. ॲनाटॉमी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात शब्दांची रांग समोर येते: सुपीरिअर, इन्फिरिअर, अँटेरिअर, पोस्टेरिअर, मेडिअल, लॅटरल. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला यातला ‘इन्फिरिअर’ एकाच अर्थाने ठाऊक असतो: हीन. मग ती विचारते, ताई, पायाला हीन का म्हटलंय? या प्रश्नाला हसू नका. हा प्रश्न तिच्या पणजीलाही विचारायचा होता, फक्त तिच्या हातात पुस्तक नव्हते.

उत्तर असे. ॲनाटॉमी कोणत्याही अवयवाची जागा सांगण्याआधी माणसाला एका ठरावीक स्थितीत उभे करते. माणूस ताठ उभा, नजर समोर, पाय जवळजवळ, हात बाजूला सोडलेले, तळहात पुढे केलेले. तळहात पुढेच का? ते मागे वळवले की कोपराखालची दोन हाडे एकमेकांवर तिरपी येतात आणि वर्णनात गोंधळ होतो. तळहात पुढे असले की ती समांतर राहतात. प्रेत टेबलावर उताणे असो वा पालथे, वर्णन करताना ते असे उभे आहे असेच धरायचे. राजाचे असो, बेवारस असो, नियम एकच. कुणाच्या शरीराचे वर्णन वाकलेल्या स्थितीत होत नाही, कुणाचे हात जोडलेले धरले जात नाहीत. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवले आहे. जातीनेही माणसाची एक ‘ठरावीक स्थिती’ नक्की केली होती. दोन्ही स्थिती शेजारी ठेवून पाहा.

आता शब्द. सुपीरिअर म्हणजे डोक्याच्या दिशेला, इन्फिरिअर म्हणजे पायांच्या दिशेला. अँटेरिअर पुढचे, पोस्टेरिअर मागचे. मेडिअल म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेजवळचे, लॅटरल म्हणजे त्या रेषेपासून बाजूला. हातापायांसाठी आणखी दोन: प्रॉक्झिमल म्हणजे धडाला जोडलेल्या टोकाजवळचे, डिस्टल म्हणजे त्यापासून लांबचे. यातला एकही शब्द एकटा वापरता येत नाही. अमुक हे तमुकच्या सुपीरिअर, असेच म्हणावे लागते. हृदय मानेच्या खाली आहे म्हणून इन्फिरिअर आणि तेच हृदय यकृताच्या वर आहे म्हणून सुपीरिअर. कोपर मनगटाच्या मानाने प्रॉक्झिमल, खांद्याच्या मानाने डिस्टल. कोणताही अवयव जन्मतः सुपीरिअर नाही. कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय शब्दाला अर्थच येत नाही. हृदयात रक्त आणणाऱ्या दोन मोठ्या शिरा आहेत, सुपीरिअर व्हेना कावा आणि इन्फिरिअर व्हेना कावा. शरीरातली सर्वांत मोठी शीर त्यांपैकी कोणती? इन्फिरिअर. नावात पत्ता आहे, लायकी नाही.

डावे-उजवेही लक्षात घ्या. पुस्तकातल्या चित्रात डावा हात आपल्या उजवीकडे दिसतो, कारण डावे-उजवे बघणाऱ्याचे धरत नाहीत, ज्याचे शरीर आहे त्याचे धरतात. समाजशास्त्रात ही गोष्ट मान्य व्हायला फार वर्षे गेली. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली, तेव्हा त्यांना हेच सांगायचे होते की वास्तव कुणाच्या जागेवरून सांगितले जाते याने फरक पडतो. ॲनाटॉमीचा विद्यार्थी हे पहिल्या आठवड्यात शिकतो.

आता दुसरे पुस्तक उघडू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात ब्राह्मण पुरुषाच्या मुखाशी, क्षत्रिय बाहूंशी, वैश्य मांड्यांशी जोडला आहे आणि शूद्र पायांपासून जन्मलेला आहे. मनुस्मृतीचा पहिला अध्याय हेच उचलतो आणि पुढे एक पाऊल टाकतो: माणूस बेंबीच्या वर अधिक शुद्ध आहे आणि मुख सर्वांत शुद्ध. म्हणजे दिशा सांगणाऱ्या ‘वर’ या शब्दावर शुद्धतेचा शिक्का मारला. त्याच्या आधारावर आठव्या अध्यायात शिक्षा येतात. खालच्याने ज्या अवयवाने वरच्याला इजा केली तो अवयव तोडावा. वरच्याच्या आसनावर बसला तर कमरेवर डाग देऊन त्याला हाकलावे. शरीराचे रूपक आणि शरीरावरचा घाव यांच्यात किती कमी पाने आहेत ते पाहा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळले गेले, त्यात ही ॲनाटॉमी होती.

कुणी म्हणेल, हे जुने झाले. जुने झाले नाही, त्याची भाषा मऊ झाली. २२ ते २५ एप्रिल १९६५ या काळात याच मुंबईत दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानववादावर चार भाषणे दिली. त्यांत त्यांनी चार वर्ण हे विराट पुरुषाच्या अवयवांसारखे असल्याचे सांगून विचारले की, एकाच शरीराच्या डोके, हात, पोट आणि पाय यांच्यात संघर्ष कसा असेल? आजचे समरसतेचे भाषण याच प्रश्नावर उभे आहे. सगळे अवयव गरजेचे, सगळे आपले, मग भांडता कशाला?

याला उत्तर दिलेच पाहिजे, कारण हे ऐकायला गोड लागते आणि आपलीच काही मुले टाळ्या वाजवतात. अवयव गरजेचा असणे म्हणजे त्याला हक्क असणे नव्हे. पाय कितीही गरजेचा असला तरी तो उद्या डोके होणार नाही. पायाला स्वतःचे मत नसते, तो राजीनामा देत नाही, शिकून बदली मागत नाही. शरीराचे रूपक स्वीकारले की बदलाची शक्यताच संपते. ‘समरसता’ या शब्दात ‘समता’ का बसत नाही, याचे कारण इथे आहे.

ही युक्ती फक्त आपल्याकडची नाही. इसवी सनपूर्व ४९४ मध्ये रोममधले कष्टकरी, म्हणजे प्लेबियन, कर्जाच्या जाचाला कंटाळून शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. त्यांची समजूत काढायला मेनेनिअस अग्रिप्पा आला आणि त्याने गोष्ट सांगितली, अशी लिव्ही या इतिहासकाराची नोंद आहे: हातापायांनी पोटाविरुद्ध संप केला आणि शेवटी तेच अशक्त झाले. प्लेबियन परत आले हे खरे, पण नुसत्या गोष्टीवर आले नाहीत. स्वतःचे प्रतिनिधी, म्हणजे ट्रिब्यून, नेमण्याचा हक्क त्यांनी पदरात पाडून घेतला. समरसतेचे भाषण ऐकून झाल्यावर आपणही हाच प्रश्न विचारावा: प्रतिनिधित्वाचे काय?

आता जरा आपल्याकडे वळू. पुरुषसूक्तावर वाद सुरू झाला की आपले काही वक्ते आवेशाने म्हणतात, आम्ही पाय आहोत ना, मग पायाशिवाय डोके चालेल कुठे? पाय काढून घेतला तर सगळा डोलारा कोसळेल! सभेत हे चालते, शिट्ट्या पडतात. पण मित्रहो, हा युक्तिवाद हरलेला आहे. ‘आम्ही पाय आहोत’ हे मान्य करूनच तो सुरू होतो. समोरच्याला एवढेच हवे असते. तो लगेच म्हणेल, बरोबर, तुम्ही फार महत्त्वाचे पाय आहात, मग पायाचे काम करत राहा.

आपल्या परंपरेने असा मार्ग कधीच घेतला नाही. तिने दरवेळी सरळ शरीराकडे बोट दाखवले. मज्झिम निकायातल्या अस्सलायन सुत्तात ब्राह्मण मुखातून जन्मल्याचा दावा येतो, तेव्हा बुद्ध विचारतात की ब्राह्मण स्त्रियांना पाळी येते, त्या गरोदर राहतात, बाळंत होतात, अंगावर पाजतात, मग मुखातून जन्म कसा? सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात ते केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव घेतात आणि दाखवतात की वनस्पती-प्राण्यांत जातीची खूण शरीरावर असते तशी माणसांत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ब्रह्मदेवाच्या मुखाला गर्भाशय आणि विटाळ होता का, अशी थेट विचारणा केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ लिहिले, ते फुल्यांना अर्पण केले आणि पुरुषसूक्ताची चिकित्सा त्यात सुरुवातीलाच केली. ही आपली ॲनाटॉमीची परंपरा आहे. इथे कुणी ‘आम्ही चांगले पाय आहोत’ म्हणत नाही.

पण शास्त्राचे नाव घेतले की सगळे सुटते, असेही नाही. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ मध्ये बंगालच्या जातींची मोजमापे प्रसिद्ध केली आणि नाकाची रुंदी जितकी जास्त तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला. कंपास शास्त्राचा, निष्कर्ष मनूचा. त्यावर बाबासाहेबांनी काय केले? मोजमापाला घाबरून ते बाजूला झाले नाहीत. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचीच नासिका-निर्देशांकाची आकडेवारी घेतली आणि त्या मोजमापावरूनच दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस कवटी आणि नाकाची मापे वाचायला बसला, कारण वाचली नसती तर दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष मुकाट सोसावा लागला असता.

म्हणून ॲनाटॉमी शिकायची ती नोकरीसाठी तर आहेच, पण तेवढ्यासाठी नाही. नर्सिंग किंवा लॅब टेक्निशियनच्या वर्गात पहिल्या सहामाहीत जी मुले गळतात, ती बुद्धीने कमी पडत नाहीत. लॅटिन-ग्रीक मुळाचे शब्द इंग्रजीतून अंगावर येतात आणि घरी विचारायला कुणी नसते. हे शब्द इंग्रज मुलालाही पाठ करावे लागतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. आपल्या विहारांमधून, अभ्यासिकांमधून हे काम होऊ शकते. भिंतीवर एक मोठे चित्र लावा. दोन मुलांना समोरासमोर उभे करा, तळहात पुढे करायला लावा आणि नाक डोळ्यांच्या मानाने मेडिअल की लॅटरल, गुडघा घोट्याच्या मानाने प्रॉक्झिमल की डिस्टल, असे विचारत जा. आठवडाभरात भीती जाते. नर्सिंगची सीनियर मुलगी असेल तर तिलाच शिकवू द्या. १४ एप्रिलच्या डीजेचे एका तासाचे भाडे या चित्रांना पुरून उरेल.

आणि हे शिकताना मुख्य गोष्ट विसरू नका. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी समाधान व्यक्त केले की या मसुद्याने खेड्याला नाकारून व्यक्तीला एकक मानले आहे. एकक म्हणजे ज्याचे तुकडे करून मोजत नाहीत ते. संविधानाच्या लेखी मरोळच्या झोपडीतली बाई कुणाच्या शरीराचा पाय नाही. तिला स्वतःचे डोके आहे, स्वतःचे हात आहेत, स्वतःचे पोट आहे आणि उभे राहायला स्वतःचे दोन पाय आहेत. ती संपूर्ण माणूस आहे. तिचे एक मत आहे आणि त्या मताचे मूल्य कुणाच्याही मताइतकेच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी समाजपुरुषाचे चित्र रंगवून तुम्हाला त्यातली जागा देऊ करेल, तेव्हा डोक्याची मागू नका आणि पायाची मिरवू नका. त्या चित्रात जायलाच नकार द्या. आणि अभ्यासिकेतल्या त्या मुलीला सांगा की इन्फिरिअर म्हणजे पायांच्या दिशेला. बस, एवढेच. याहून जास्त अर्थ ज्यांनी लावला, त्यांचा हिशेब आपण वेगळा करू.

जय भीम!