चिनी भाषा आपल्या पोरांनी का शिकू नये?

साताऱ्यात १९०० साली इंग्रजी शाळेत दाखल झालेल्या भीमरावांना पुढे मुंबईच्या शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. भाषेवरचा पहारा म्हणजे ज्ञानावरचा पहारा.

चिनीवर असा पहारा नाही. मग आपण ती हसण्यावारी का नेतो? अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'चे २८ सर्ग. मूळ संस्कृतात जेमतेम निम्मे उरले. पूर्ण ग्रंथ टिकला तो चिनी आणि तिबेटी भाषांतरांत. इथे हरवलेला आपला वारसा तिथे जपला गेला.

सातारा-सांगलीची पोरं म्हणतात, आपल्याला जमणार नाही. पण या वर्गात सगळेच शून्यापासून सुरू करतात. ते चार सूर, ती अक्षरे वाड्यातल्या पोराला जेवढी नवी, तेवढीच वस्तीतल्या पोरीला. जेएनयूत बारावीनंतर चिनीत बी.ए. ऑनर्स करता येते. प्रवेश सीयूईटीतून, आरक्षणासह.

आजची मँडरिन आली म्हणून जुने ग्रंथ लगेच वाचता येत नाहीत, पण सुरुवात तिथूनच होते. पण दिल्ली सगळ्यांना परवडत नाही. म्हणून सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत सरकारी खर्चाने चिनीचे वर्ग सुरू करा, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरावी. धम्माचे ग्रंथ दुसऱ्यांनी वाचून सांगावेत, एवढ्यावर आपण किती दिवस थांबायचे?

जय भीम!