आकड्यांमागचा माणूस

आकडे स्वतःच बोलतात, असे हल्ली मोठ्या ऐटीत सांगितले जाते. हे साफ खोटे आहे. ज्याने रकाने आखले तो बोलतो. आकडे नुसती मान डोलावतात.

आम्हां यवतमाळकरांना हे वेगळे सांगायला नको. 19 मार्च 1986 रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायकोमुलांसह जीवन संपविले. पुढे वर्षे लोटली, आणि आमचा जिल्हाच एक आकडा होऊन बसला. मागल्या सालाहून थोडा कमी किंवा थोडा अधिक असा तो छापून येतो, आणि वाचणारा पान उलटतो. त्याला बोल लावू नका. त्याला बेरीज दिली, माणूस दिलाच नाही.

आता तो रकाना उघडून पाहा. सरकारी तक्त्यात मेलेला शेतकरी ‘पात्र’ असतो किंवा ‘अपात्र’. 2005 सालच्या शासननिर्णयाने पात्राच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली. त्यासाठी जमीन घरच्यांच्या नावावर हवी, कर्ज बँकेचे नाहीतर परवानाधारक सावकाराचे हवे, आणि ते थकलेले हवे. सोयऱ्याकडून हातउसने घेतले, दुसऱ्याचे वावर ठेक्याने केले, की पुढे ‘अ’ लागलाच म्हणून समजा. त्या एका अक्षरात अख्खी कादंबरी आहे. ती लिहायला कल्पनाशक्तीपेक्षा चौकशीच अधिक लागेल.

“पण रूक्ष आकड्यांशी साहित्याचा काय संबंध?” असे आमचे काही लेखकबंधू विचारतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1858 साली सैनिकांच्या मृत्यूंची आकृती काढली. शत्रूच्या गोळीपेक्षा रोगानेच अधिक माणसे मेली, हे त्या आकृतीने एका दृष्टिक्षेपात दाखविले. ही गोष्ट सांगणेच नव्हे तर काय?

आपणही करून पाहू. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. हे ऐकून शहरातल्या वाचकाला काय कळणार? म्हणून असे सांगा: किलोला पंचाहत्तर रुपये. किलोभर कापसातून सुमारे तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी सरकी. तेवढ्या रुईत जेमतेम एक सदरा होतो. आता दिवाळीच्या नव्या सदऱ्याची पावती काढा आणि तिच्याशेजारी हे पंचाहत्तर रुपये मांडा. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, सारे त्यातूनच भागवायचे. तेही हमीभाव पदरात पडला तर!

मात्र गोष्ट म्हणजे थाप नव्हे. एका विधवेचे अश्रू रंगवून बाकीच्यांची मोजदाद झाकणारा लेखक आणि बेरीज दाखवून माणूस झाकणारा कारकून, दोघेही सारखेच अपराधी.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वही पुजतो. तिच्यातल्या प्रत्येक आकड्यामागे कोणाकडून येणे आणि कोणाचे देणे, हे त्याला तोंडपाठ असते. सरकारी वहीतले आपले देणे आपण कधी वाचणार?