विद्यापीठाचा कारभारी

परीक्षांचे निकाल लागावयाचे दिवस जवळ आले म्हणजे सुशिक्षित कुटुंबांत कसें वातावरण असतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आजीबाई देवापुढें नेहमींपेक्षां घटकाभर अधिक बसतात, वडील मंडळी एकच वर्तमानपत्र दोनदां चाळतात, आणि ज्यानें परीक्षा दिली तो मात्र बेफिकिरीचें सोंग आणून हिंडत असतो. एरवीं ही अवस्था चार दिवसांची. २०१७ सालीं मात्र मुंबई विद्यापीठाच्या हजारों विद्यार्थ्यांच्या घरीं ती महिनेच्या महिने टिकली. सार्वजनिक विद्यापीठाचा कारभार नव्या काळास अनुरूप करण्यासाठीं वरिष्ठ मनुष्य कसा निवडावा, या प्रश्नाचा विचार त्या प्रकरणास वगळून करतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

घडलें तें असें. डॉ. संजय देशमुख हे जुलै २०१५ मध्यें कुलगुरू झाले. त्यांच्या कारकीर्दींत उत्तरपत्रिका हातीं घेऊन तपासण्याची जुनी रीत सोडण्याचें ठरलें; उत्तरपत्रिकांच्या प्रतिमा काढून त्या संगणकाच्या पडद्यावर तपासावयाच्या होत्या. ही कल्पना वाईट होती असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. यंत्राची बेरीज चुकत नाहीं, आणि कागदांचे गठ्ठे गांवोगांव हिंडवावे लागत नाहींत. परंतु हा पालट सर्व शाखांत एकदम करावयाचा, आणि तोही २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या ऐन धांदलींत! प्रतिमा काढण्याचें व यंत्रणा पुरविण्याचें कंत्राट परीक्षा सुरू झाल्यानंतर दिलें गेलें. सुमारें १७ लक्ष उत्तरपत्रिका वाट पाहत होत्या. वऱ्हाड मांडवांत येऊन बसल्यावर चुली मोडून नव्या घालावयास घ्याव्या, तशांतली ही गत झाली.

शिक्षकांस पडद्यावर तपासण्याचा सराव नव्हता. काम मागें पडत गेलें, कांहीं उत्तरपत्रिका सांपडेनात. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपति. त्यांनीं ३१ जुलैपर्यंत सर्व निकाल लावण्याची मुदत घालून दिली, ती टळली, आणि तिच्या मागून सांगितलेल्या तारखाही टळल्या. तपासणी उरकावी म्हणून महाविद्यालयांतील वर्ग कांहीं दिवस बंद ठेवावे लागले. इतर विद्यापीठांतील शिक्षकांस हाक मारावी लागली. ज्या मुलामुलींस परदेशीं किंवा परप्रांतीं पुढील शिक्षणासाठीं जावयाचें होतें, त्यांच्या हातीं गुणपत्रिकाच नव्हती, आणि तिकडील दारें कांहीं त्यांच्यासाठीं उघडीं राहणार नव्हतीं. ऑगस्टमध्यें कुलगुरूंस रजेवर पाठविण्यांत आलें, आणि २४ ऑक्टोबर रोजीं ते पदावरून दूर झाले. विद्यापीठाच्या १६० वर्षांत कुलगुरूवर असा प्रसंग प्रथमच आला.

यांतील विपरीत गोष्ट अशी कीं, हें विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालें तेव्हां परीक्षा घेणें व पदव्या देणें एवढाच त्याचा संसार होता. शिकविण्याचें काम महाविद्यालयांचें. न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांना उच्च न्यायालयाचें काम सांभाळून कुलगुरुपद भूषवितां आलें. सर चिमणलाल सेटलवाड यांनीं १९१७ पासून १९२९ पर्यंत बारा वर्षें तें चालविलें. संसार लहान होता, आणि घरांतील मोठ्या माणसाच्या नांवाचा दबदबा पुरेसा असे. आतां महाविद्यालयें शेंकड्यांनीं मोजावीं लागतात. नुसत्या दबदब्यानें १७ लक्ष उत्तरपत्रिका जागच्या हालत नाहींत.

निवड मात्र बव्हंशीं जुन्याच दृष्टीनें होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणें कुलगुरू होणारास प्राध्यापकीचा, किंवा तत्सम संस्थेंतील, किमान दहा वर्षांचा अनुभव असावा लागतो. विद्वत्ता हवीच, विद्वानांच्या घरांत अविद्वान यजमान शोभत नाहीं. पण निबंधांची लांबलचक यादी असलेल्या गृहस्थास निकालाचा कागद कोणत्या मेजावर अडतो, हें ठाऊक असेलच असें नाहीं. आमच्या मतें निवड समितीनें उमेदवारास 'आपण नवीन काय आणणार?' हें विचारण्यांत फार वेळ घालवूं नये. त्याचें उत्तर तो पाठ करून आलेला असतो. त्याला विचारावें: पहिला प्रयोग कोणत्या लहानशा परीक्षेवर कराल? तो फसला तर जुनी व्यवस्था कोठें जागी ठेवाल? आणि हा बेत ठरविण्यापूर्वीं परीक्षा विभागांतील किती कारकुनांशीं बोलाल? शेवटच्या प्रश्नावर जो हंसेल, त्यास आम्ही तरी निरोपाचा चहा देऊं.

शिवाय वरचा एक मनुष्य कितीही कर्ता असला तरी हाताखालच्या जागा 'प्रभारी' म्हणजे तात्पुरत्या माणसांवर चालवून कारभार सुधारत नाहीं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें परीक्षांसाठीं स्वतंत्र संचालक सांगितला आहे. कुलसचिव आहे, वित्ताधिकारी आहे. २०१७ मध्यें तर खुद्द मुंबईच्या कुलगुरुपदाचा भार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे यांच्यावर टाकावा लागला. एक पाय पंचगंगेवर आणि दुसरा अरबी समुद्रावर! एप्रिल २०१८ मध्यें रुइया महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. सुहास पेडणेकर यांची पूर्ण मुदतीची नेमणूक झाली, तोंवर हा दुहेरी संसार चालला. पडद्यावरची तपासणी मात्र विद्यापीठानें टाकून दिली नाहीं, आणि हें आम्हांस विशेष वाटतें. दोष यंत्रांत असता तर तें केव्हांच अडगळींत गेलें असतें.

कुलगुरू नेमणें हें कुलपतींचें काम. तेथें आपला हात पोंचत नाहीं. परंतु याच कायद्यानें नोंदणीकृत पदवीधरांस अधिसभेवर १० प्रतिनिधि निवडून देण्याचा अधिकार दिला आहे, आणि अधिसभेंत कारभाराविषयीं प्रश्न विचारतां येतात. पदवीचा कागद चौकटींत घालून दिवाणखान्यांत टांगलेला आम्ही पुष्कळ घरीं पाहतों. त्या घरांतील किती पदवीधरांनीं, सुनांनीं व लेकींनीं सुद्धां, आपलें नांव या यादींत नोंदविलें आहे, तें आज रात्रींच्या पंक्तींत कोणीं तरी विचारून पहावें.