पाहुण्यांची बाटली

गेल्या मे महिन्यात पुण्याच्या उकाड्यात कपाटावर ठेवलेली एक चांगली रेड वाईन वाया गेली. 'पाहुणे आले की उघडू' म्हणून जपली होती ना! मग ठरवलं, आता वाट बघायची नाही. काल बायको माहेरी, घरात मी एकटा, आणि दोन वर्षं फ्रिजमध्ये मुरलेली शिमे ब्लू काढली.

साधी लागर ताजीच प्यावी. पण ही बेल्जियन बिअर ९ टक्क्यांची, बाटलीत जिवंत यीस्ट. म्हणून ती मुरते. शिवाय ३३० मिली, एका माणसापुरती. ७५० मिलीची वाईन उघडली की उरलेली दोन-चार दिवसांत उतरते.

एकटा पितो तो देवदास, असं आपल्याकडे समजतात. मला नाही पटत. गप्पांच्या नादात चव कळतच नाही राव! फक्त एकच बाटली, आणि सावकाश.